एकेचाळिसावी टोपली

खुणेच्या दगडावर सहा बोटं पाणी होतं. मी ते दोनदा मोजलं, एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. दोन्ही हातांची बोटं सारखी जाड नसतात, असं माझे सासरे म्हणायचे.

“किती?” पलीकडच्या काठावरून झिपानं विचारलं.

“सहा.”

“दिवसाला अर्धं बोट उतरतंय. म्हणजे बारा दिवस.” त्यानं बिडी शिलगावली. “घाई करू नका, हवालदारीण. आम्हाला काही घाई नाही.”

झिपा खालच्या मोरदड गावाचा. त्याच्या गावानं त्याला रोज आमच्या बंधाऱ्यावर येऊन बसायला सांगितलं होतं, आणि तो हे काम मनापासून करत होता.

ही गोष्ट १९८६ सालची, सोमवार दहा नोव्हेंबरला सुरू झालेली. आमच्या नेरकुंडजवळ पांझरेवर जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या कुशीतून पाट निघतो आणि त्यावर गावाचे फड भिजतात. फड म्हणजे एकाच पाण्यावरच्या शेतांचा सलग पट्टा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कारण पाणी सगळ्यांच्या शेतांतून एकदमच फिरतं. एकाचा ऊस आणि शेजाऱ्याचा हरभरा असेल, तर एकाचं वाळतं नाहीतर दुसऱ्याचं कुजतं. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि पाणी एकाच फडाला पुरणार होतं.

पावसाळ्यात पाटाचं तोंड चिकणमातीचा बांध घालून बंद ठेवतात. दिवाळीनंतर पीक ठरलं, की गावच्या एकेचाळीस खातेदारांनी त्या बांधातून एकेक टोपली माती उचलायची. टोपली उचलली म्हणजे ठरलेलं मान्य. एकानं जरी उचलली नाही, तरी पाट उघडायचा नाही. आणि खुणेच्या दगडावर कोरलेली रेषा उघडी पडेपर्यंत पाट बंदच राहिला, तर त्या रब्बीचं सगळं पाणी मोरदडचं. हा करार दोन गावांत कधी झाला ते कुणाला माहीत नव्हतं. मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

पाटाची आणि पाण्याच्या पाळ्यांची व्यवस्था हवालदार बघतो. हवालदार माझे सासरे, धुडकू मामा. श्रावणात ते बंधाऱ्यावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. माझा नवरा सुरतेला गिरणीत. म्हणून गावानं हवालदाराची काठी माझ्या हातात दिली आणि ‘तूर्तास’ हा शब्द तीनदा उच्चारला. हवालदाराला बंधाऱ्याजवळ दोन खोल्या आणि सुगीला प्रत्येक शेतातून ठरलेलं धान्य मिळे. आमचं घर त्यावर चालत होतं. मी एकतीस वर्षांची होते, सातवी पास होते, आणि ते काम मला आवडलं होतं. हे शेवटचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी बंधाऱ्यावरच्या कडुलिंबाखाली सभा भरली. एका बाजूला आधार नाना देवरे, दुसऱ्या बाजूला झुलाल आबा बोरसे. दोघांच्या मध्ये सात-आठ हात मोकळी जमीन. गाव दोघांच्या मागे वाटून बसलेलं. दोघं चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नानांची माणसं सांगत, भांडण बैलावरून झालं. आबांची माणसं सांगत, लग्नाच्या पत्रिकेवरून. भांडणाच्या कारणावरही एकमत नव्हतं.

“गहू,” झुलाल आबा म्हणाले.

“द्वारका,” आधार नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “त्यांना सांग, ऊस.”

“त्यांना सांग, उसाला उन्हाळ्यापर्यंत पाणी लागतं. यांचे वडील भरणार का नदी?”

“त्यांना सांग, वडिलांपर्यंत जायचं काम नाही.”

मी मध्ये उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं. मागे बसलेल्यांपैकी वीसजण ऊस म्हणाले, एकोणीसजण गहू. कोण काय म्हणणार ते तोंड उघडायच्या आधीच कळत होतं. शेवटी एकाच गोष्टीवर सगळ्यांचं जमलं.

“रेषेच्या आत पाट उघडला नाही, तर हवालदार बदलायचा,” आबा म्हणाले.

नानांनी क्षणभर विचार केला. विरोध करण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. “बदलायचा,” ते म्हणाले.

नदीपलीकडून झिपानं टाळी वाजवली.

मंगळवारी मी दोघांच्या घरी गेले. आधी नानांकडे. ते ओट्यावर बसून दाढी करून घेत होते.

“नाना, तुमच्या मळ्यातल्या विहिरीनंही तळ गाठलाय. ऊस जगेल का?”

“नाही जगणार.”

“मग?”

“तो गहू म्हणतोय ना?”

“हो.”

“मग ऊस.” वस्तरा गळ्यावर असल्यामुळे त्यांनी फक्त बोट वर केलं. “तो उद्या म्हणाला की पांझरा पश्चिमेला वाहते, तर मी बंधारा उलटा बांधीन.”

आबांकडे गेले तेव्हा ते बैलाला पेंड चारत होते. गव्हाला चार पाणी लागतील, एवढं पाणी आहे का, असं मी विचारलं. “नाही,” ते म्हणाले. “पण ऊस म्हणणाऱ्यानं आधी गप बसावं. मग बघू.”

दिवेलागणीला मी मामांना सगळं सांगितलं. ते खाटेवर उशीला टेकून अंबाडीचा दोर वळत होते. खुबा मोडल्यापासून त्यांनी इतका दोर वळला होता की विहिरीत सोडला असता तर पाताळाला लागला असता.

“सहा वर्षांपूर्वीही असंच झालं होतं,” ते म्हणाले. “तेव्हा आधार गहू म्हणत होता. झुलाल उसाला चिकटला होता.”

“मग आता उलट कसं?”

“तेव्हा आधार आधी बोलला. यंदा झुलाल आधी बोलला.”

“आणि बाकीची माणसं?”

“बाकीची आपल्या माणसाच्या मागे, आणि समोरच्याच्या विरुद्ध. पूर्वी असं नव्हतं. एकाचा साडू इकडे, तर व्याही तिकडे. कुणाला धड भांडता यायचं नाही.” त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. “जोड्या मी लावायचो ना गाळ काढायला? भांडणं नकोत म्हणून आधारची माणसं आधारच्या माणसांबरोबर, झुलालची झुलालच्या. चौदा वर्षं एक फावडं मोडलं नाही की एक डोकं फुटलं नाही. मला वाटायचं, माझं काम चोख आहे.”

त्यांनी अंगठ्यातलं टोक सोडवलं. मग त्यांनी दोराचे दोन पदर माझ्यासमोर धरले. “हे दोन्ही पदर एकाच बाजूला पिळले आहेत. आता एकत्र वळताना त्याच बाजूला वळले तर काय होईल?”

“सुटतील.”

“उलट वळावं लागतं. एक पीळ दुसऱ्याला अडवून धरतो, तेव्हा दोर होतो.” त्यांनी दोर बाजूला ठेवला. “भाकरी वाढ.”

बुधवारी सकाळी सात वाजता गाळ काढायला एकेचाळीस माणसं फावडी आणि टोपल्या घेऊन कडुलिंबाखाली जमली. पाट उघडो न उघडो, गाळ काढावाच लागतो, आणि तिथे मजूर चालत नाही. खातेदारानं स्वतः यायचं. जोडीतला एक पाटात उतरून टोपली भरतो, दुसरा काठावरून ती ओढून घेतो. दुपारी जोडीनं एका फडक्यावर भाकरी खायची. जोडीदाराला सोडून घास घ्यायचा नाही. जोड्या हवालदार लावतो, आणि जोडी मोडणाऱ्याची पाण्याची पाळी शेवटी जाते. एकेचाळीस ही विषम संख्या असल्यानं उरलेला एकजण हवालदाराचा जोडीदार.

मी कागद उघडून वाचायला सुरुवात केली. “रतन देवरे आणि कौतिकबाई निकम.”

कुणी हललं नाही. रतन नानांचा सख्खा पुतण्या. कौतिकबाई आबांच्या बाजूच्या. विधवा, पाटाच्या अगदी शेवटी दीड एकर जमीन, आणि जीभ अशी की आबाही जपून असत.

“वहिनी, वाचताना चुकलं का काही?” रतननं विचारलं.

“नाही.”

“मामा अशा जोड्या लावत नव्हते.”

“मामा पडले आहेत.”

मी पुढची नावं वाचली. विसाच्या वीस जोड्या तशाच, एक इकडचा, एक तिकडचा. उरले आधार नाना, ते माझ्या वाट्याला. वाचून संपायच्या आतच झुलाल आबा उभे राहिले.

“हे चालणार नाही.”

मी नानांकडे पाहिलं. जोड्या ऐकताना त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती. तेही हेच म्हणायला उठत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण आबा आधी बोलले होते.

“द्वारका, त्यांना विचार, का चालणार नाही?” नाना म्हणाले. “जोड्या लावायचा हक्क हवालदाराचा. चला रे, उतरा पाटात!”

त्यांची वीस माणसं उतरली. मग आबांच्या माणसांना काठावर रिकामं उभं राहणं जमेना. पाळी शेवटी जाईल ही भीतीही होतीच.

पहिल्या दिवशी फारसा गाळ निघाला नाही. टोपल्या मुद्दाम अर्ध्या भरल्या जात होत्या, काठावरून मुद्दाम हिसकल्या जात होत्या. दुपारी वीस फडकी पसरली गेली आणि त्यातल्या बहुतेकांवर माणसं पाठीला पाठ लावून जेवली. नियम पाळला होता. फडकं एकच होतं.

संध्याकाळी पाच बोटं पाणी होतं.

“उद्या याच जोड्या?” कुणीतरी विचारलं.

“उद्या नव्या.”

“रोज नव्या?”

“रोज नव्या. गाळ निघेपर्यंत.”

“डोकी फुटतील, वहिनी.”

“फुटली तर मला सांगा. आयोडीन आहे माझ्याकडे.”

गुरुवारी एक फावडं मोडलं. शुक्रवारी एक मुस्काटात बसली. आयोडीन लागलं नाही. शनिवारी मी पाटाच्या काठानं काठी टेकत जात असताना रतनचा आवाज ऐकू आला. तो शालिग्रामवर ओरडत होता. शालिग्राम नानांचा उजवा हात, रतनच्याच बाजूचा.

“तो गाळ तिकडे का टाकतोस? तिचं वावर आहे ते!”

“कौतिकबाईचंच आहे ना? टाकू दे.”

“उचल.”

“अरे भो, तू कुणाचा? तुझ्या काकाला सांगू का?”

“काकाला सांग, नाहीतर काकाच्या काकाला सांग. त्या बाईनं बुधवारी दिवसभर माझ्या बरोबरीनं टोपल्या ओढल्यात. एकही हिसकली नाही. उचल म्हणतो ना!”

शालिग्रामनं गाळ उचलला. पण त्या दिवसापासून तो रतनशी बोलेना. आणि नानांना दोघंही हवे होते.

रविवारी आबांनी कौतिकबाईंना सगळ्यांसमोर टोकलं. “देवऱ्यांच्या पोराला ठेचा दिला म्हणे तुम्ही.”

“दिला.”

“आपली माणसं कमी पडली का खायला?”

“आबा, त्याला ठेचा दिला, शेत नाही लिहून दिलं. आणि तुमच्या आपल्या माणसानं, त्या भिलानं, माझ्या बांधावरची बाभूळ तोडली, तेव्हा कुठे होतात तुम्ही?”

भिला आबांचा मेहुणा. तो पाटात खाली बघून माती उपसू लागला. त्याचा त्या दिवशीचा जोडीदार नानांच्या बाजूचा होता. तो हसला, मग म्हणाला, “बाई, बाभूळ मी पाहिली होती. आधीच वाळली होती.” म्हणजे नानांच्या माणसानं आबांच्या मेहुण्याची बाजू घेतली, आबांच्याच माणसाविरुद्ध. आबा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. कुणावर रागवायचं ते त्यांना ठरवता येईना.

रोज संध्याकाळी गाव दोन ओट्यांवर जमायचं, नानांच्या आणि आबांच्या. दिवसभराची खबर तिथे पोचायची आणि उद्या काय म्हणायचं ते तिथे ठरायचं. मंगळवारपर्यंत ओट्यांवर जाणारी माणसं निम्मी झाली. काही दमून झोपत होती. काहींना तिथे बसलेल्या एखाद्याचं तोंड बघायचं नव्हतं. आणि काही, मी स्वतः पाहिलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात बसलेली होती.

बुधवारी नाना पुन्हा माझे जोडीदार झाले. सत्तरीजवळ आले होते, पण टोपली गच्च भरत. पाच-सहा टोपल्या त्यांनी भरून दिल्या. मग फावड्यावर रेलून म्हणाले, “द्वारका, ती निकमांची बाई आता कुणाच्या बाजूची?”

“कुणाच्या विरुद्ध, असं विचारायचंय का तुम्हाला?”

“तेच.”

“मला सांगता येणार नाही, नाना. सकाळी एकाच्या असते, दुपारी दुसऱ्याच्या.”

“आणि भिला?”

“तेही नाही सांगता येणार.”

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “मग मी नेमकं काय म्हणायचं?”

मी टोपली ओढून घेतली. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, पुढची भरायला घेतली.

गुरुवारी गाळ संपला. खुणेच्या दगडावर एक बोट पाणी. झिपानं त्या दिवशी येताना आपल्या गावच्या दोघांना आणलं होतं. ते बंधाऱ्यावरून फिरून गेले, आपलं काही असल्यासारखे.

शुक्रवारी सभा. उरलं होतं अर्धं बोट. नेहमी पाटाच्या तोंडाकडच्या शेतापासून विचारत जातात. तिथे पहिली दोन शेतं नाना आणि आबांची. मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

“कौतिकआक्का, काय पेरायचं?”

“हे आधी त्यांना विचारतात,” भिला म्हणाला.

“आज मला विचारलंय,” कौतिकबाई म्हणाल्या. “पोरी, तू पाणी मोजतेस. ऊस येईल?”

“नाही.”

“गहू?”

“अर्धा जळेल.”

“मग काय येईल?”

“हरभरा. दोन पाण्यांत.”

“मग हरभरा. इतकं सरळ आहे, तर बारा दिवस काय करत होतो आपण?”

कुणीतरी हसलं. मी पुढच्याला विचारलं. तो आबांच्या बाजूचा होता. त्यानं सवयीनं आधी समोर पाहिलं, समोरचे काय म्हणतात ते बघायला. समोर कोण बसलंय ते त्याला नीट लागेना, कारण त्या दिवशी माणसं जागा मिळेल तशी बसली होती. “हरभरा,” तो म्हणाला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. रतननं काकांकडे पाहिलं, मग पाटाकडे. “हरभरा.” शालिग्राम म्हणाला, “रतन म्हणतोय म्हणून नाही. पण हरभरा.”

एकोणचाळीस.

“माझा ऊस गेला,” नाना म्हणाले. “त्यांचा गहूही गेला, हे बरं झालं. बाकी उद्या बघू.”

“उद्या बघू,” आबा दुसरीकडे बघत म्हणाले.

शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी आठला सगळे पाटाच्या तोंडाशी आले. मामांना चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. चौघांतले दोन इकडचे, दोन तिकडचे. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. खुणेच्या रेषेवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत होता. तो बोटानं मोजता येण्यासारखा नव्हता. पलीकडे झिपा उभाच होता. त्यानं बिडी पेटवली नव्हती.

कौतिकबाईंनी पहिली टोपली उचलली. मग एकामागून एक. ओली माती टोपलीत पडल्याचा आवाज, आणि मी मोठ्यानं मोजलेला आकडा. सव्वानऊला एकोणचाळीस झाले. बांधातून पाणी पाझरू लागलं होतं. दोन टोपल्यांएवढी माती उरली होती, आणि दोन माणसं.

झुलाल आबा पुढे आले. सगळ्यांना वाटलं, उचलणार. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “मी टोपली उचलणार नाही. हरभरा करायला मी काही भिकेला लागलो नाही.”

त्यांचं वाक्य संपायच्या आत आधार नानांनी धोतराचा सोगा खोचला. “तो नाही म्हणतो? आण ती टोपली.”

नानांनी चाळिसावी टोपली उचलली आणि काठावर नेऊन ओतली. माणसं हसली, काहींनी शिट्ट्या मारल्या. नानांनी आबांकडे पाठ करून हात धुतले. जिंकल्यासारखे.

मग हसू विरलं. आबा एका दगडावर बसले होते आणि उठत नव्हते. त्यांचा स्वतःचा मेहुणा समजवायला गेला, कौतिकबाई गेल्या, रतन गेला. “आबा, आता पुरे,” “आबा, मोरदडचा माणूस बघतोय,” असं प्रत्येकजण सांगत होता. प्रत्येक ‘उठा’बरोबर ते जास्त घट्ट बसत होते.

मी दगडाजवळ जाऊन वाकले. कोरलेल्या रेषेची वरची कड कोरडी झाली होती. आत अजून ओल होती.

“हवालदारीण,” झिपा पलीकडून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “अजून रेषा आहे पाण्यात. पण उघडी पडली, तर मला खोटं सांगता येणार नाही.”

मी उठले आणि सरळ नानांकडे गेले.

“नाना, एक काम आहे. आबांना सांगा, टोपली उचलू नका.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग डोळे बारीक झाले. माझ्या खांद्यावरून त्यांनी दगडावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

“चौदा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.”

“माहीत आहे.”

“तूच सांग त्याला, नाना नको म्हणतात म्हणून. सांगत आलीसच की.”

“माझ्या तोंडून चालणार नाही. तुम्हीच सांगायला हवं. त्यांच्याकडे बघून.”

“आणि मी बोललो, तर मी आधी बोललो असं होईल.”

“होईल.”

मामा खाटेवरून बघत होते. पाझरणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, आणि पलीकडे झिपा वाकून दगडाकडे बघत होता.

नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग ते दहा पावलं चालून गेले आणि दगडासमोर उभे राहिले.

“झुलाल,” ते म्हणाले. “टोपली उचलू नको.”

आबांनी मान वर केली. मी त्या वेळी दोघांच्या मध्ये नव्हते. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मध्ये कुणी नव्हतं. आबांना कळलं. ते न कळण्याइतके भोळे नव्हते. त्यांची नजर नानांवरून माझ्याकडे आली, माझ्यावरून पुन्हा नानांकडे गेली. ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

“मला नको म्हणणारा तू कोण?” ते म्हणाले.

“मी सांगतोय. उचलू नको.”

“माझ्या पाटाच्या तोंडावर येऊन मला सांगतोस?” आबा उठले. “द्वारका! टोपली दे इकडे.”

त्यांनी टोपली भरली, गच्च, आणि दोन्ही हातांनी उचलली. माती निघाली तिथे आधी हाताएवढी भेग दिसली. मग पाण्यानं उरलेला चिखल स्वतःच ढकलून दिला आणि पाटात उतरलं, तांबूस, फेसाळ, पुढे काडीकचरा लोटत. पहिल्या वळणापर्यंत माणसं त्याच्या बरोबरीनं पळत गेली. म्हातारीकोतारी पळत होती. कौतिकबाई ओरडत होत्या, “माझ्या शेतापर्यंत जाऊ द्या, मग नाचा!” मामा खाटेवर उठून बसायला बघत होते आणि कुणीतरी त्यांना दाबून धरत होतं.

“एकेचाळीस,” मी म्हणाले. तेव्हा ते ऐकायला जवळ फक्त चारजण होते.

झिपा बंधाऱ्यावरून चालत आमच्या काठावर आला. “गेलं आमचं पाणी,” म्हणाला आणि पाट उघडल्यावर वाटायच्या गूळ-खोबऱ्यासाठी हात पुढे केला. रतननं त्याला दोन मुठी दिल्या.

आबा हात पुसत होते. “हवालदार बदलायचं काही कारण दिसत नाही,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी तोंड उघडलं, मग मिटलं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून ते चावत बसले. ‘तूर्तास’ हा शब्द त्यानंतर मी ऐकला नाही. काठी माझ्याकडे एकतीस वर्षं होती.

त्या दोघांचा समेट झाला, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. ते पूर्वीसारखेच बोलत नसत. मात्र दरवर्षी दिवाळीनंतर, चाळीस टोपल्या झाल्या की आबा दगडावर जाऊन बसायचे. नाना समोर उभे राहायचे. “झुलाल, टोपली उचलू नको.” “मला नको म्हणणारा तू कोण?” वर्षातून एवढीच दोन वाक्यं. जोड्या मी दरवर्षी रोज बदलत राहिले.

१९९९च्या भाद्रपदात नाना गेले. त्या नोव्हेंबरात नानांची टोपली रतननं उचलली, चाळिसावी. आबा ऐंशी ओलांडलेले. ते नेहमीच्या दगडावर बसले. रिकामी टोपली त्यांनी मांडीवर घेतली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

“काय रे,” ते म्हणाले, “कुणी काही म्हणणार आहे की नाही?”

मग रतन एक पाऊल पुढे आला, आणि त्याच्या मागून कौतिकबाई, शालिग्राम, भिला, सगळे. चाळीस माणसं एका आवाजात ओरडली. त्या गावानं इतक्या एका सुरात काही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“आबा, टोपली उचलू नका!”

आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. डोळे पुसले. “मला नको म्हणणारे तुम्ही कोण?” ते म्हणाले आणि काठीचा आधार घेऊन उठले.

खुणेच्या दगडावर त्या दिवशी अजून पाच बोटं पाणी होतं. मी दोन्ही हातांनी मोजलं.